शस्त्रक्रियेपूर्वीचा नकाशा

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर. भगिनींनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही शेवटी दिले आहेत.)



चिटणीसबाईंनी मला आमंत्रण दिले तेव्हा आहाराविषयी काही बोलावे, असे त्यांनी सुचविले होते. मी म्हटले, आहाराविषयी आपल्या मंडळात माझ्यापेक्षा जाणत्या पुष्कळ आहेत. मला पाळीच्या दुखण्याविषयी बोलावयाचे आहे, आणि त्यातही त्या दुखण्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी पोटाची जी चित्रे काढतात त्यांच्याविषयी. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बोला. पुरुष मंडळींना मी चहाच्या वेळी बोलावते." तेव्हा आज आपण मोकळेपणाने बोलू. गेली कित्येक वर्षे मी सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत बसून बायकांच्या पोटातील चित्रे पाहण्याचे काम करते. त्या खोलीत बाया जे बोलतात ते पुष्कळ वेळा घरी कोणाजवळ बोललेल्या नसतात.

पाळीच्या पहिल्या दिवशी थोडे पोट दुखणे, कंबर भरून येणे हे बहुतेकींना ठाऊक आहे. ओव्याचे पाणी, गरम पाण्याची पिशवी, एखादी गोळी, आणि दुसऱ्या दिवशी बाई कामाला लागते. त्या दुखण्याविषयी मी बोलत नाही. जी मुलगी दर महिन्यास दोन-तीन दिवस शाळा बुडविते, जिला गोळी घेऊनही उभे राहवत नाही, जिला पाळीच्या दिवसांत शौचास बसताना आत सुरी फिरल्यासारखे होते, लग्नानंतर जिला पतीजवळ जाण्याची धास्ती वाटते, तिच्याविषयी बोलावयाचे आहे. अशा मुलीला आपण काय सांगतो? आमच्याही वेळी दुखत असे. लग्न झाले की थांबेल. लग्न झाल्यावर सांगतो, एक मूल झाले की थांबेल. आणि मूल राहत नाही तेव्हा त्याचा दोषही तिच्याच पदरात टाकतो.

ह्या आजाराचे नाव एंडोमेट्रिओसिस. नाव अवघड असले तरी गोष्ट समजण्यासारखी आहे. गर्भाशयाच्या आतून जे मऊ अस्तर असते, आणि जे दर महिन्यास पाळीवाटे गळून जाते, तशाच प्रकारचे अस्तर गर्भाशयाच्या बाहेर, ओटीपोटात रुजते. अंडाशयावर, गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या बंधांवर, मूत्राशयावर, आतड्यावर. तेही महिन्याच्या चक्राबरोबर फुगते, त्यातूनही रक्त येते. पण त्या रक्ताला बाहेर पडावयास वाट नाही. मग तेथे सूज येते, जखम भरताना घट्ट वण पडतो आणि शेजारचे अवयव एकमेकांस चिकटू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना हा आजार असतो. म्हणजे ह्या सभागृहात मांडलेल्या खुर्च्यांच्या प्रत्येक रांगेत एखादी तरी असावी.

आजार नवा नाही. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की यांनी १८६० साली त्याचे वर्णन केले होते. अमेरिकेतील ऑल्बनी येथील डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२१ साली अंडाशयातील जुन्या रक्ताच्या गाठींविषयी लिहिले. त्यांतील रक्त साठून साठून चॉकलेटच्या पाकासारखे होते, म्हणून आजही डॉक्टर तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. पाळीचे काही रक्त नळ्यांवाटे उलटे पोटात जाते आणि त्याबरोबर गेलेल्या पेशी तेथे रुजतात, ही उपपत्ती त्यांनी १९२७ साली मांडली. ती सर्वस्वी पुरेशी नाही. असे उलटे रक्त बहुतेक स्त्रियांच्या पोटात थोडेफार जाते, मग आजार काहींनाच का होतो, याचे पुरे उत्तर अजून मिळालेले नाही.

आता चित्रांकडे येऊ. सोनोग्राफीची हकिकत मोठी गमतीची आहे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी ऐकले की कारखान्यात लोखंडाच्या पत्र्यांतील तडे शोधण्यासाठी ध्वनीच्या लहरी वापरतात. १९५५ साली ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून एका बॉयलरच्या कारखान्यात घेऊन गेले आणि त्या यंत्राखाली धरून पाहिल्या. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले! पुढे एका बाईला पोटाचा असाध्य कर्करोग आहे असे ठरले असता, त्यांच्या यंत्राने ती अंडाशयाची पाण्याची गाठ असल्याचे दाखविले; ती काढली आणि बाई बरी झाली. १९५८ साली हे संशोधन 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्याकडे मात्र ह्या यंत्राचा काही लोकांनी काय उपयोग केला आणि त्यापायी किती मुली जन्मास येण्यापूर्वीच गेल्या, हे आपण जाणता. महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम त्याविरुद्ध कायदा केला. बायकांचा जीव वाचविण्यासाठी निघालेल्या यंत्राच्या खोलीत "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" ही पाटी लावावी लागते, ती मी रोज पाहते आणि रोज मला ती बोचते. असो.

एंडोमेट्रिओसिसच्या बाबतीत पूर्वी अशी समजूत होती की, दुर्बिणीने पोटात प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान होत नाही. त्यामुळे प्रथम पाहण्यासाठी भूल, मग करण्यासाठी पुन्हा भूल. पुष्कळदा असे होई की, सर्जन एका लहान गाठीसाठी आत जात, आणि आत पाहावे तो गर्भाशय, अंडाशय आणि आतडे यांचा एकच गोळा झालेला. आतड्याचा सर्जन जवळ नाही, बाईची तशी संमती घेतलेली नाही, तयारी नाही. मग जेवढे हाताला येईल तेवढे काढावयाचे आणि पोट बंद करावयाचे. दुखणे राहिलेच. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड, कारण आता पहिलीचे वणही आत असतात. २०२२ साली युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या 'एश्रे' ह्या संस्थेने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले की, निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया ही आता पहिली पायरी मानू नये. लक्षणे आणि चित्रे यांवरून पुढे जावे, आणि चित्रात काही दिसत नसताना अथवा औषधाने गुण येत नसताना दुर्बिणीचा विचार करावा.

हे ऐकून आपणांस वाटेल, सोनोग्राफी तर माझी तीनदा झाली. झाली असेल, पण कोणती? पोटावरून यंत्र फिरवून पाच मिनिटांत "गर्भाशय ठीक, अंडाशय ठीक" असा कागद मिळतो, ती वेगळी. ह्या आजारासाठी जी करतात ती योनिमार्गातून, सावकाश, कधी अर्धा तासही घेऊन करावयाची असते. २०१६ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकत्र बसून ती कशी करावी याची पद्धत ठरविली. प्रथम गर्भाशय आणि अंडाशय पाहावयाचे. चॉकलेट सिस्ट आमच्या पडद्यावर दुधी काचेसारखी, एकसारखी करडी दिसते. मग यंत्राच्या टोकाने हलकेच दाबून, अंडाशय आपल्या जागी मोकळे हलते की भिंतीला चिकटले आहे हे पाहावयाचे, आणि कोठे दाबले असता नेमके तेच दुखणे उठते हे बाईलाच विचारावयाचे. येथे एक सांगून ठेवते. आपल्या बाया सोसतात आणि "काही नाही, चालू द्या" म्हणतात. तेथे सोसू नका. जेथे दुखले तेथे सांगितले तर तीच मला मोठी खूण होते.

त्यानंतर गर्भाशय आणि त्याच्या मागचे आतडे एकमेकांवरून सरकतात की नाही हे पाहतो. घडी घातलेल्या दोन रेशमी साड्या कपाटात एकीवरून एक कशा अलगद सरकतात? निरोगी पोटात ते दोन अवयव तसे सरकतात. आजार खोल गेला असेल तर खळ लावून वाळविलेल्या कापडासारखे ते एकमेकांस धरून बसतात, एक ढकलला की दुसराही ओढला जातो. ही साधी परीक्षा शस्त्रक्रिया करणाऱ्याला फार मोलाची आहे. सरकत नसतील तर त्याने तासाभराचे नव्हे, अर्ध्या दिवसाचे काम समजून तयारी करावी.

शेवटी मूत्राशयाची भिंत, बंध, योनीच्या मागचा पडदा आणि आतडे येथे गाठी शोधतो. आतड्याच्या गाठीविषयी सर्जनला नुसते "गाठ आहे" एवढे सांगून भागत नाही. ती किती लांब आहे, भिंतीत किती खोल गेली आहे, आतड्याचा किती घेर तिने व्यापला आहे, एक आहे की दोन, आणि गुदद्वारापासून किती अंतरावर आहे, हे मोजून द्यावे लागते. याचे कारण असे की, वरवरची गाठ आतड्यावरून खरवडून काढता येते. थोडी खोल पण लहान असेल तर आतड्याच्या भिंतीची नाण्याएवढी चकती काढून ते शिवतात. आणि मोठी असेल अथवा अनेक असतील तर आतड्याचा तेवढा भाग कापून दोन टोके जोडावी लागतात. हा जोड गुदद्वाराच्या जितका जवळ, तितका तो गळण्याचा धोका अधिक, आणि मग काही महिने पोटावर शौचाची तात्पुरती वाट काढावी लागू शकते. हे बाईला शुद्धीवर आल्यावर कळावे की आधी? माझ्या मते ह्या सगळ्या चित्रांचा अर्धा उपयोग सर्जनला आणि अर्धा त्या बाईला आहे. आपल्या देहावर काय होणार, काय होऊ शकेल, हे चित्र पुढे ठेवून तिला सांगता येते, आणि तिला नाही म्हणता येते.

चिकाटीने पाहणाऱ्याच्या हाती आतड्याच्या गाठी ओळखण्यात ही सोनोग्राफी सुमारे नव्वद टक्के खरी ठरते, असे अनेक अभ्यास एकत्र करून दिसले आहे. पण हात शिकलेला हवा. न शिकलेल्याला समोर असलेली गाठही दिसत नाही.

एम.आर.आय. हे दुसरे साधन. त्यात मोठे लोहचुंबक असते. क्ष-किरण त्यात नाहीत आणि सोनोग्राफीतही नाहीत. जेथे अवयव फार चिकटले आहेत, आजार वर आतड्यात किंवा कडेच्या नसांजवळ असण्याचा संशय आहे, किंवा मुलगी अविवाहित असून आतून तपासणी नको आहे, तेथे त्याचा विशेष उपयोग. त्याची एक युक्ती मला फार आवडते. एका प्रकारच्या चित्रात चरबीही पांढरी दिसते आणि जुने रक्तही पांढरे दिसते. अंडाशयात चरबी आणि केस असलेल्या गाठीही होतात. मग ही कोणती? तेव्हा यंत्राला सांगून चरबीचा तेवढा उजेड विझवितात. उजेड गेला तर ती चरबी; तरीही उजळ राहिली तर जुने रक्त. संध्याकाळी एक दिवा मालवला म्हणजे दुसरा कोणता पेटला आहे हे कळावे, तसे.

त्या यंत्रात जाताना अंगावर धातू चालत नाही. बांगड्या, हेअरपिना, मंगळसूत्र, जोडवी सारे काढावे लागते. वर्षानुवर्षे न काढलेली जोडवी तेथे निघत नाहीत आणि मग धावपळ होते, म्हणून घरीच साबण लावून काढून जा. मंगळसूत्र काढण्यास कोणी कचरत असेल तर त्या अर्ध्या तासापुरते ते यजमानांच्याच हाती द्यावे; त्यांनाही काही काम मिळेल. हृदयाला पेसमेकर असेल किंवा शरीरात कोणतीही धातूची वस्तू बसविलेली असेल तर आधी सांगावे. आवाज मोठा होतो, कानात बोळे देतात. आतडे स्थिर राहावे म्हणून काही तास उपाशी ठेवतात आणि एक इंजेक्शन देतात.

ह्या सर्व गोष्टी लिहून ठेवण्याची आता एक सामाईक भाषा झाली आहे. तिला 'एन्झियन' म्हणतात आणि २०२१ साली तिची नवी आवृत्ती निघाली. कोणत्या जागी किती मोठी गाठ, एक सेंटिमीटरच्या आत, एक ते तीन, की तीनच्या वर, हे अक्षरे आणि आकडे यांत मांडतात. सोनोग्राफी करणारी, एम.आर.आय. वाचणारा आणि शस्त्रक्रिया करणारी तिघेही तीच अक्षरे वापरतात.

एका बाईंची हकिकत सांगते. त्या शिक्षिका, वय चौतीस. चार वर्षांपूर्वी दुसरीकडे डाव्या अंडाशयाची चॉकलेट सिस्ट काढलेली. सहा महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. "आता मनाचे खेळ आहेत," असे त्यांना घरी आणि बाहेरही सांगण्यात आले होते. मी विचारले, पाळीत शौचाला त्रास होतो का? त्या रडू लागल्या. म्हणाल्या, हे मला आजवर कोणी विचारलेच नाही. तपासणीत आतड्यावर अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली, गर्भाशय मागे चिकटलेले, आणि डाव्या बंधावरची गाठ मूत्रवाहिनीपर्यंत गेलेली. ह्या आजारात मी मूत्रपिंडे पाहिल्याखेरीज बाईला उठू देत नाही. त्यांचे डावे मूत्रपिंड सुजलेले होते. मूत्रवाहिनी हळूहळू आवळत गेली म्हणजे पुष्कळदा काही दुखत नाही, मूत्रपिंड मुकाट्याने मरते. त्यांचे निम्म्याहून अधिक काम गेले होते. एम.आर.आय. करून सर्व जागा नक्की केल्या. स्त्रीरोगतज्ज्ञ, आतड्याचे सर्जन आणि मूत्रमार्गाचे सर्जन तिघे एकाच दिवशी, एकाच टेबलाशी उभे राहिले. आतड्याची चकती काढून शिवले. पोटावर वाट काढावी लागली नाही. मूत्रवाहिनी मोकळी करून तिच्यात काही आठवडे नळी ठेवली. जेवढे मूत्रपिंड उरले होते तेवढे वाचले. गेलेले परत आले नाही.

त्यांच्या अंडाशयाविषयीही आधी विचार करावा लागला. गाठ काढताना तिच्याबरोबर चांगली बीजेही थोडी जातात, आणि त्यांची बाजू एकदा उघडली गेलीच होती. ज्यांना मूल हवे आहे त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी बीजांचा साठा किती उरला आहे याची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि आधी गर्भधारणेचे उपचार की आधी शस्त्रक्रिया हे विचारावे. दर वेळी उत्तर एकच नसते. किंबहुना गाठ दिसली म्हणून कापलीच पाहिजे असेही नाही. दुखणे औषधाने आवरत असेल, मूत्रवाहिनी आणि आतडे आवळलेले नसतील, तर पुष्कळजणींना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. चित्र पाहून शस्त्रक्रिया टळली अशाही बाया मी पाहिल्या आहेत.

आणखी एक. गर्भाशयाच्या भिंतीतच हे अस्तर शिरले म्हणजे त्याला ॲडिनोमायोसिस म्हणतात, आणि हे दोन आजार पुष्कळदा जोडीने राहतात. बाहेरच्या गाठी सर्व काढल्या आणि रक्तस्राव तसाच राहिला, तर बाईला वाटते की आपल्याला फसविले. चित्रात तो आधीच दिसला असेल तर काय बरे होईल आणि काय होणार नाही हे तिला आधीच सांगता येते.

व्याख्यानानंतर भगिनींनी काही प्रश्न विचारले, त्यांपैकी हे:

"रक्त तपासून हा आजार कळत नाही का?"
नाही. सीए-१२५ नावाची तपासणी काहीजण करवितात, पण तिच्यावर निदान करू नये. सी.टी. स्कॅनही ह्या आजाराच्या निदानास फारसा उपयोगी नाही.

"मूल झाले की हा बरा होतो म्हणतात, ते खरे का?"
गर्भारपणात पाळी थांबते म्हणून काहींना तेवढ्यापुरता आराम पडतो. आजार जात नाही. केवळ उपचार म्हणून मूल होऊ द्या, असा सल्ला देऊ नये असे एश्रेच्या मार्गदर्शनात लिहिलेले आहे.

"गर्भाशयच काढून टाकले तर?"
गर्भाशय काढले आणि आतड्यावरची गाठ तशीच ठेवली, तर दुखणे राहू शकते. म्हणून तो निर्णयही चित्रे पाहिल्यावरच घ्यावा. चाळिशीच्या आत तर दोनदा विचार करावा.

"हा कर्करोग आहे का?"
नाही. अंडाशयाच्या कर्करोगाचा संभव ह्या स्त्रियांत किंचित अधिक असतो, पण तरीही तो फार थोडा. भिऊन जाण्याचे कारण नाही.

"मुलगी अठरा वर्षांची, लग्न व्हावयाचे आहे. सोनोग्राफी कशी करावयाची?"
पोटावरून करता येते, त्यात कमी दिसते. गुदमार्गाने करता येते. एम.आर.आय. करता येते. कोणती करावयाची हे डॉक्टरांनी आणि मुलीने मिळून ठरवावे, आणि मुलगी नको म्हणाली तर आईनेही आग्रह धरू नये. उपचार सुरू करण्यासाठी प्रत्येक वेळी चित्र हवेच असे नाही. लक्षणांवरूनही औषध सुरू करता येते.

"माझ्या सुनेची सोनोग्राफी चांगली आली, एम.आर.आय. पण चांगली आली. तरी दर महिन्यास दोन दिवस अंथरुणावर असते. मग काय समजावयाचे?"
तिला दुखते असे समजावयाचे. पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर जे वरवरचे ठिपके असतात ते सोनोग्राफीत आणि एम.आर.आय.मध्ये बहुधा दिसत नाहीत, आणि दुखणे गाठीच्या आकारावर अवलंबून नसते. चित्रात काही नाही म्हणजे मोठी गाठ नाही, आतडे आणि मूत्रपिंड ठीक आहेत, एवढेच मला सांगता येते. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पुन्हा न्या, औषध सुरू करून पाहू द्या, आणि गुण आला नाही तर दुर्बिणीविषयी विचारा. जाताना तीन-चार महिने कोणत्या दिवशी किती दुखले, शौचाला आणि लघवीला त्रास झाला का, हे तिने कॅलेंडरवर मांडलेले असू द्या. जुन्या तपासण्यांचे कागद आणि चित्रांची सीडी दोन्ही बरोबर न्या. नुसत्या कागदावरून दुसऱ्या डॉक्टरला चित्र पाहता येत नाही. आणि शक्य असेल तर आपण स्वतः तिच्याबरोबर जा.